गाडी सुरूच होत नाही? आधी तिचे म्हणणे ऐका!

सकाळचे सव्वाआठ. सासऱ्यांची डोळ्यांच्या डॉक्टरांकडची वेळ नऊची. महिनाभर आधी मिळवलेली. सुनेने त्यांना हाताला धरून खाली आणले, पुढच्या सीटवर बसवले, पट्टा लावून दिला आणि किल्ली फिरवली. समोरचे सगळे दिवे नेहमीसारखे लागले. किल्ली आणखी पुढे फिरवताच 'टक्' असा एकच आवाज आला आणि दिवे विझले. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा 'टक्'.

मग सोसायटीच्या आवारात नेहमीचा खेळ सुरू झाला. वॉचमन धावत आला, "ताई, धक्का मारू का?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतूनच निकाल दिला, "बॅटरी गेली! आता नवीनच घाला." फिरायला निघालेल्या आणखी एका गृहस्थांनी पेट्रोल आहे ना, अशी चौकशी केली. बॉनेट उघडले गेले. चारपाच जण आत डोकावून पाहू लागले आणि प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या वायरला हात लावून पाहिला. सासरे आत बसून म्हणत राहिले, "अगं, रिक्षा बोलाव, उशीर होतोय." शेवटी रिक्षा आली तेव्हा डॉक्टरांची वेळ हुकली होती.

अकरा वाजता मेकॅनिक आला. त्याने बॅटरीच्या एका टोकाला धरून हलवले, दहा नंबरच्या पान्याने एक नट अर्धा फेरा आवळला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. नव्या बॅटरीचे चारपाच हजार वाचले. पण डॉक्टरांची वेळ गेली ती गेलीच.

असा प्रसंग गाडी असलेल्या कोणत्याही घरात कधीतरी घडतोच. गंमत अशी, की दोष काय आहे हे गाडीने पहिल्याच मिनिटाला सांगितले होते. दिवे नीट लागणे आणि सेल्फ मारताच सगळे एकदम विझणे, हे सैल टर्मिनलचे जवळजवळ ठरलेले लक्षण आहे. ते ऐकायला मात्र कोणी थांबले नाही. बंद पडलेली गाडी कधीच पूर्ण गप्प नसते. तिचा आवाज, तिचे दिवे आणि कधीकधी तिचा वासही दोष कुठे आहे ते सांगत असतो. ते ऐकण्यासाठी मेकॅनिक व्हावे लागत नाही. दोन मिनिटे शांत बसावे लागते, एवढेच.

इंजिनाला लागते तरी काय?

इंजिन सुरू होण्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली, त्याला कोणीतरी फिरवून द्यायला हवे. दुसरी, इंधन. तिसरी, हवा. आणि चौथी, पेट्रोल गाडीत ठिणगी, तर डिझेल गाडीत हवा दाबली गेल्याने निर्माण होणारी उष्णता. अलीकडच्या गाड्यांत पाचवी गोष्ट आली आहे ती म्हणजे परवानगी. किल्ली आपलीच आहे अशी गाडीतल्या संगणकाची खात्री पटल्याशिवाय तो इंजिन चालू होऊ देत नाही.

पूर्वी इंजिन फिरवून द्यायचे काम माणसाच्या हाताचे होते. पुढून लोखंडी हॅन्डल घालून ते जोरात फिरवावे लागे. हॅन्डल उलटे फिरले, की मनगट मोडायचे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो प्रथम बसवला गेला. स्वतःहून सुरू होणारी गाडी, म्हणून त्याला 'सेल्फ स्टार्टर' म्हणू लागले. आपल्याकडे 'स्टार्टर' हा शब्द गळून 'सेल्फ' तेवढा उरला. आजही आपण सेल्फ मारतो तो तिथूनच आलेला.

हा सेल्फ मोठा खादाड असतो. घरातला दिवा एक अँपिअरही वीज घेत नाही. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ क्षणभर शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. म्हणूनच हॉर्न वाजतो, रेडिओ लागतो, दिवेही लागतात; पण सेल्फ मारला की गाडीचा दम तुटतो. 'हॉर्न तर वाजतोय, म्हणजे बॅटरी ठीक आहे' हा समज चुकीचा आहे तो यासाठीच.

आधी या चार गोष्टी पाहा

बॉनेट उघडण्याआधी बसल्या जागी चार गोष्टी तपासा. हसू येईल, पण निम्मी डोकेदुखी इथेच संपू शकते.

गाडी ऑटोमॅटिक असेल, तर गिअर 'पी' किंवा 'एन'वर आहे का? 'डी'वर राहिला असेल, तर सेल्फ लागणारच नाही. बटणाने सुरू होणारी गाडी असेल, तर ब्रेक पूर्ण दाबला आहे का? हाताने गिअर बदलायच्या अनेक नव्या गाड्यांत क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. पायाखालची चटई सरकून पेडलखाली अडकली असेल, तरी क्लच पूर्ण दाबला जात नाही.

किल्लीच फिरत नसेल, तर तिच्यावर जोर काढू नका. स्टिअरिंगला कुलूप लागलेले असते. एका हाताने स्टिअरिंग हलकेच डावीउजवीकडे हलवत दुसऱ्या हाताने किल्ली फिरवा, ती सुटते.

किल्लीच्या रिमोटमधला बटणासारखा छोटा सेल संपला असेल, तर गाडी किल्ली ओळखत नाही. बटणाच्या बहुतेक गाड्यांत किल्ली थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरली, की गाडी सुरू होते. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी खाच असते. ती कुठे आहे, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून आजच बाहेर काढून पाहावे, अडचणीच्या वेळी नव्हे.

आणि शेवटचे म्हणजे इंधनाचा काटा. काट्यावर फार विसंबूही नका. उतारावर उभी केलेली गाडी किंवा बिघडलेला काटा फसवू शकतो.

आवाज ओळखा

आता रेडिओ, पंखा, एसी सगळे बंद करा. सोबतच्यांना क्षणभर गप्प बसायला सांगा. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. कानाने आवाज ऐका, डोळ्याने दिवे पाहा.

काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत : बॅटरी पूर्ण उतरली आहे किंवा तिची वायर सुटली आहे. रात्री आतला दिवा चालू राहिला होता का, डिकी अर्धवट लागली होती का, हे आठवा.

'टिक टिक टिक टिक' असा भराभर आवाज, दिवे मंद : बॅटरीत थोडा जीव आहे, पण सेल्फ फिरवण्याइतका नाही. घराघरांत सर्वांत जास्त भेटणारे लक्षण हेच.

एकच 'टक्', आणि दिवे एकदम विझतात : बॅटरीचे टर्मिनल सैल आहे किंवा त्यावर क्षार साचला आहे. आपल्या सूनबाईंच्या गाडीचे झाले होते ते हेच.

एकच 'टक्', पण दिवे जोरदार तसेच : वीज आहे, सेल्फमध्येच दोष आहे. कधीकधी सेल्फच्या आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात. इथे मेकॅनिक बोलवावा.

दिवे उत्तम, आवाज काहीच नाही : गिअर, क्लच, ब्रेकचा स्विच, फ्यूज किंवा किल्लीचा दोष. मागच्या चार गोष्टी पुन्हा तपासा.

सेल्फ नेहमीच्या जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही : बॅटरीचा काही संबंध नाही. इंधन, ठिणगी किंवा परवानगी यांपैकी काहीतरी कमी आहे. इथे कोणी 'बॅटरी बदला' म्हणाले, तर नम्रपणे नकार द्यावा.

सुरू होते आणि दोन सेकंदांत बंद पडते : किल्लीची ओळख पटलेली नसू शकते किंवा हवा-इंधनाचे प्रमाण बिघडलेले असते.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे. चिडून 'खर्र खर्र' करत राहिल्याने सेल्फ तापतो, उरलीसुरली बॅटरी संपते आणि एका दोषाचे दोन होतात.

बॅटरी : दोष कुणाचा, शिक्षा कुणाला

बॅटरीकडे वळण्याआधी हातातल्या अंगठ्या, घड्याळ आणि धातूच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. मंगळसूत्र किंवा गळ्यातली साखळी खाली लोंबू देऊ नये. पाना किंवा बांगडी बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम लागली, तर क्षणात लालबुंद होते आणि गंभीर भाजते. पदर आणि ओढणी खोचून घ्यावी, कारण इंजिन बंद असतानाही पुढचा विजेचा पंखा काही गाड्यांत आपोआप फिरू लागतो. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. म्हणून तिच्याजवळ काडी, विडी, सिगारेट यांना मज्जाव.

गाडी बंद करून, किल्ली काढून, बॅटरीची दोन्ही टोके हाताने हलवून पाहा. ती अजिबात हलता कामा नयेत. टोकावर पांढरा, निळसर-हिरवा थर दिसला, तर तो विजेची वाट अडवतो. टर्मिनल सोडवताना आधी काळी, म्हणजे ऋण वायर सोडवावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने थर घासावा, कोरड्या फडक्याने पुसावे, घट्ट आवळावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाणार नाही, एवढी काळजी घ्यावी.

बॅटरी बदलायची वेळ आलीच, तर पैसे मोजण्याआधी मेकॅनिकला मीटर लावायला सांगा आणि तीन आकडे विचारा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. तो साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरी थकली आहे किंवा भरलेली नाही. तिसरा आकडा इंजिन चालू असतानाचा. तो साधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा. तो बाराच्या घरातच घुटमळत असेल, तर दोष बॅटरी भरणाऱ्या ऑल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आहे. अशा वेळी नवी बॅटरी बसवली, तरी चार दिवसांत तीही उतरणार. घोटाळा ऑल्टरनेटरचा आणि बदली बॅटरीची, असा उलटा न्याय अनेकांच्या खिशाला चाट लावून जातो.

आपल्या हवेत बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. थंडीपेक्षा उन्हाळा तिचे आयुष्य अधिक खातो. थंडी फक्त तिचा अशक्तपणा उघड करते. उभी राहिलेली गाडीही बॅटरी खाते, कारण घड्याळ, अलार्म आणि संगणक झोपेतही थोडी वीज घेत असतात. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली आणि गाड्या आठवडेच्या आठवडे जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा हा धडा अनेक घरांना एकदमच मिळाला.

विजेवर चालणाऱ्या गाडीलाही यातून सुटका नाही. तिच्या पोटातली मोठी बॅटरी भरलेली असली, तरी दरवाजे, पडदा आणि संगणक यांच्यासाठी तिच्यात वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली, की लाखो रुपयांची गाडी ढिम्म हलत नाही.

दुसऱ्या गाडीकडून उसनी वीज

शेजाऱ्यांची गाडी आणि जाड तांब्याच्या जोडकेबल असतील, तर उतरलेली बॅटरी असलेली गाडी चालू करता येते. पण क्रम चुकला, तर संगणक जळू शकतो. म्हणून हा क्रम कागदावर लिहून डिकीत ठेवा.

दोन्ही गाड्या बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेले, गाड्या एकमेकींना न टेकलेल्या. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या अधिक खुणेच्या टोकाला. तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला. आणि शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीला नव्हे, तर बंद गाडीच्या इंजिनाच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते. ती बॅटरीतल्या वायूजवळ उडू नये, म्हणून ही काळजी.

आता चांगली गाडी चालू करून पाच मिनिटे थांबा, मग दुसरीचा सेल्फ मारा. सुरू झाली, की उलट क्रमाने केबल काढा. नंतर निदान अर्धा तास गाडी चालवा. चहा घ्यायला म्हणून कोपऱ्यावर बंद केलीत, तर पुन्हा शेजाऱ्यांना हाक मारावी लागेल. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळकी दिसली, तर हा प्रयोग करूच नये.

आणि धक्का? हाताने गिअर बदलायच्या गाडीत तो चालतो. किल्ली 'ऑन', क्लच दाबून दुसरा गिअर, गाडीने थोडा वेग घेतला, की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन लागताच पुन्हा दाबायचा. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागते, हे ध्यानात ठेवून सपाट, मोकळ्या जागीच हे करावे. ऑटोमॅटिक आणि विजेच्या गाडीला धक्का मारून काहीही उपयोग नाही. उलट नुकसान होऊ शकते.

सेल्फ फिरतो, पण इंजिन लागत नाही

प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर आणि पहिली मारुती ८०० यांचा काळ कार्बोरेटरचा होता. चोक ओढायचा, अ‍ॅक्सिलरेटरवर दोनदा पाय मारायचा, पेट्रोल जास्त झाले, की 'ओव्हरफ्लो झाली' म्हणून थांबायचे, हे घरातल्या पुरुषमंडळींचे खास ज्ञान असे. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, इंधन मोजून फवारणारी यंत्रणा आली आणि ते ज्ञान निरुपयोगी झाले. आजच्या गाडीत सुरू करण्याआधी अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याची गरजच नाही. मात्र पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर अनेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवून सेल्फ मारल्यास इंधनाचा फवारा थांबतो आणि साचलेले पेट्रोल हवेबरोबर निघून जाते.

वास अजिबातच नसेल, तर इंधन पोचते का ते पाहा. सेल्फ न मारता किल्ली नुसती 'ऑन' करा आणि मागच्या सीटजवळ कान द्या. अनेक पेट्रोल गाड्यांत दोनेक सेकंद बारीक 'घूं' असा आवाज येतो. तो टाकीतल्या पंपाचा. आवाज नसेल, तर पंपाचा फ्यूज पाहावा. फ्यूज पेटीच्या झाकणावर कोणता कशाचा, हे छापलेले असते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणे म्हणजे गाडीत आगपेटी ठेवणे होय. टाकी नेहमी तळाशी ठेवणाऱ्यांचा पंप लवकर जातो, कारण भोवतीचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते.

समोरच्या पडद्यावर किल्लीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर ही परवानगीची अडचण. दुसरी किल्ली वापरून पाहा. प्लगची वायर काढून ठिणगी पाहण्याचा जुना प्रयोग आता नको. तिथे हजारो व्होल्टचा झटका बसतो आणि महागडे भाग जळतात.

डिझेल गाडीत किल्ली 'ऑन' केल्यावर स्प्रिंगसारखे पिवळे चिन्ह दिसते. ते विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारावा, विशेषतः थंडीत. डिझेल पूर्ण संपले असेल, तर नळीत हवा शिरते आणि नुसते डिझेल ओतून भागत नाही. हवा काढावी लागते. हिमालयात वेगळीच गंमत. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधले मेण गोठते आणि फिल्टर तुंबतो. म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले. हिवाळ्यात तिकडे गाडी नेणाऱ्यांनी मैदानी भागातले डिझेल टाकीत घेऊन वर जाऊ नये.

पंपावर चुकून डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरले गेले, तर किल्ली 'ऑन'देखील करू नका. ढकलून बाजूला घ्या आणि टाकी रिकामी करवून घ्या.

गणपतीचे वाहन, आपले वाहन

पावसाळ्यात आणखी एक पाहुणा येतो तो म्हणजे उंदीर. उबदार, कोरडे इंजिन त्याला आवडते आणि वायरी कुरतडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. काल चांगली असलेली गाडी आज अचानक चालू होत नसेल आणि समोर भलभलते इशारे पेटत असतील, तर बॉनेट उघडून लेंड्या, कापसाचे तुकडे, कुरतडलेले फोम दिसते का पाहा. दिसले तर सेल्फ मारत बसू नका, उघड्या तारा एकमेकींना लागून आग लागू शकते. गाडीत बिस्किटांचे तुकडे, फरसाणाची पाकिटे ठेवू नयेत, कचरापेटीजवळ गाडी लावू नये आणि गाडी फार दिवस एकाच जागी उभी ठेवू नये, हे उपाय बाजारातल्या कुठल्याही फवाऱ्याइतकेच महत्त्वाचे.

इथे मात्र किल्लीला हात नको

आतापर्यंत सांगितले ते गाडी सुरू कशी करावी याबद्दल. पण एक प्रसंग असा आहे, की तेव्हा ती सुरू करण्याचा मोह आवरणे हीच हुशारी.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. असंख्य गाड्या पाण्यात बंद पडल्या. काचा बंद करून आत वाट पाहत बसलेल्या काही जणांचा गाडीतच मृत्यू झाला. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर दोन नियम लक्षात ठेवा. पाणी चढत असेल, तर गाडीचा मोह सोडून दरवाजा उघडतो आहे तोवर बाहेर पडा. वीज गेली, की काचाही उतरत नाहीत. आणि दुसरा, पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ पुन्हा मारू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. इंजिनात पाणी शिरलेले असताना ते फिरवले, तर आतले पोलादी दांडे वाकतात आणि काही हजारांचे काम लाखावर जाते. अशा वेळी विमा कंपनीही हात वर करू शकते. इंजिन संरक्षणाचा वेगळा हप्ता भरला असेल तरच या नुकसानीची भरपाई मिळण्याची आशा. पाऊस सुरू होण्याआधी आपल्या पॉलिसीत ते आहे का, एवढे पाहून ठेवावे.

रस्त्यात बंद पडली तर

घाटात किंवा महामार्गावर गाडी बंद पडली, तर दोष शोधणे दुसरे काम. पहिले काम माणसे वाचवणे. गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या, चारही इशारादिवे लावा, लाल परावर्तक त्रिकोण मागे किमान पन्नास पावलांवर ठेवा. मुलांना आणि वृद्धांना रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे उभे करा. बंद गाडीत कोणी बसून राहू नये. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे आणि कुठल्याही संकटात ११२. विम्याबरोबर अनेकदा रस्त्यावरील मदतीची सोय असते. तो क्रमांक फोनमध्ये आजच साठवून ठेवावा.

डिकीत काय असावे? जोडकेबल, दहा नंबरचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, चार वेगवेगळे फ्यूज, टॉर्च, रबरी हातमोजे, जुने फडके आणि किल्लीचा एक जादा सेल. सगळे मिळून एका कापडी पिशवीत मावते.

आठवड्याला अर्धा तास

गाडी कमी वापरली जात असेल, तर आठवड्यातून एकदा अर्धा तास ती चालवावी. जागच्या जागी पाच मिनिटे चालू ठेवून बॅटरी भरत नाही. आणि बंद गॅरेजमध्ये तर इंजिन कधीच चालू ठेवू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. बॅटरी तीन वर्षांची झाली, की दर पावसाळ्यानंतर मीटर लावून घ्यावा. सेल्फ नेहमीपेक्षा किंचित सुस्त वाटू लागला, की त्याच आठवड्यात दाखवावे. दगा देण्याआधी बॅटरी बहुधा दोनचार सकाळी कुरकुरते.

आणि आणखी एक. हे ज्ञान घरातल्या एकाच माणसाकडे कुलूपबंद नको. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने, मग ती सून असो, मुलगा असो वा निवृत्त आजोबा, एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून बॉनेट उघडावे, बॅटरी कुठे, फ्यूज पेटी कुठे, पाना कुठे हे हाताने दाखवून घ्यावे. तासाभराचेच काम.

सूनबाईंनी तसेच केले. त्या दिवशी मेकॅनिकने नट आवळला तेव्हा त्या शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. पुढे तीन महिन्यांनी डॉक्टरांची वेळ पुन्हा सकाळी नऊचीच मिळाली. खाली आल्यावर त्यांनी आधी बॉनेट उघडले, दोन्ही टोके हलवून पाहिली, हात फडक्याला पुसले आणि मग किल्ली फिरवली. काका गॅलरीत होते. पण त्यांना या वेळी काही बोलायची संधी मिळाली नाही.